वाट वाफशाची बघा, रोट्याची नको



उत्तरा नक्षत्र संपत आलं, चार-सहा दिवसांत हत्ती लागेल. आमच्या औसा भागात सोयाबीनची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. लवकर पेर झालेल्यांची शेंग तपकिरी झाली. आता पुढचे वीस-पंचवीस दिवस कुणाला पाठ टेकायला सवड नाही. काढणी, बनीम, मळणी, बाजार आणि त्याच घाईत हरभऱ्याची, ज्वारीची पेरणी.

दरवर्षी याच दिवसांत मला एक प्रश्न हमखास येतो. "दादा, सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्याला रोटा किती वेळा मारायचा?" एक जण एकदा म्हणतो, दुसरा दोनदा म्हणतो. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच उलटा आहे. आधी विचारा, रानात ओल किती आहे आणि ती किती दिवस टिकणार आहे. औजाराचं त्याच्यानंतर बघू.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दहावी पास माणूस मी, वय पंचावन्नच्या पुढं गेलं. माझी सात एकर जमीन, तीन एकर विहिरीखाली आणि चार एकर जिरायत. या चार एकरानं मला तीन वर्षांत तीन गोष्टी शिकवल्या. त्या जशा झाल्या तशा मांडतो. पहिली माझ्या चुकीची आहे.

2023 चं साल आठवा. ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला होता. सप्टेंबरात थोडं झालं, त्यावर सोयाबीन कसंबसं तगलं. 4 ऑक्टोबरला माझी कापणी झाली. त्या दिवशी रानात खुरपं घातलं की चार बोटांवर ओल लागत होती. हरभऱ्याचं बी घरात तयार होतं. पण बनीम रानाच्या मधोमध लावलेली, मळणीयंत्राला नंबर लागलेला. मळणी व्हायला चार दिवस गेले. मग रोट्याला नंबर. गावात रोटे पाच आणि सगळ्यांचं सोयाबीन एकाच आठवड्यात निघालेलं. रोटा 11 तारखेला आला. एक पाळी मारली, धसकटं दिसत होती. पोरगं म्हणालं, "अण्णा, आणखी एक मारून घेऊ, रान कसं स्वच्छ दिसंल." मलाही तेच बरं वाटलं. दुसरी पाळी 14 ला झाली आणि 15 ला, घट बसले त्या दिवशी, पेरणी केली. रान असं मऊ झालं होतं की पाय घोट्यापर्यंत बुडत होता. बघणारे म्हणत होते, काय रान केलंय!

हरभरा उगवला नाही. उगवला तो सखल पट्ट्यात, बाकी रान उघडं. दहा दिवसांनी उकरून बघितलं तर बी जसं टाकलं तसं कोरड्या भुसभुशीत मातीत पडलेलं. नोव्हेंबरच्या शेवटी थोडा अवकाळी झाला तेव्हा त्यातलं काही उगवलं. एकाच रानात दोन वयांचा हरभरा. एक फुलात, एक दोन पानांवर. फवारणी कुणाच्या वयाला धरून करायची? चार एकरात आठ क्विंटल झाला. रोट्याच्या दोन पाळ्यांचेच एकरी बाराशेप्रमाणे नऊ हजार सहाशे गेले होते.

आमच्या बांधाला लागून तात्यांची दोन एकर आहे. तीच माती, तोच पाऊस. तात्यांकडं अजून बैलं आहेत. त्यांनी कापलेलं सोयाबीन त्याच दिवशी बांधाला ओढलं, दुसऱ्या दिवशी सकाळी कुळवाची एक पाळी घातली आणि मागोमाग तिफण धरली. माझ्या आधी दहा दिवस. रान काही देखणं नव्हतं. धसकटं होती, पालापाचोळा होता. मी मनात म्हटलं, म्हातारा घाई करतोय. त्यांना दोन एकरात नऊ क्विंटल झाला. येळवशीला त्यांच्याच कोपीवर आंबील प्यायला बोलावलं होतं. समोर त्यांचा हरभरा गुडघ्याला आलेला आणि बांधापलीकडं माझा ठिपक्याठिपक्यांनी. तात्या काही बोलले नाहीत. मला ते जास्त लागलं.

ही पहिली गोष्ट. आता दुसरी.

2024 ला पाऊस चांगला झाला. मी ठरवलं, या वेळी रान वाटून बघायचं. दोन एकरात तात्यांसारखं केलं. कापणी, दुसऱ्या दिवशी कुळव, मागं पेरणी. दीड एकरात रोटा मारला, पण आधीच बोलून ठेवला होता. सकाळी रोटा आणि त्याच दिवशी पेरणी. राहिलेल्या अर्ध्या एकरात सोयाबीनची बनीम होती. ती उठायला आठ दिवस लागले, म्हणून तिथं पेरणी आठ दिवस मागं पडली. बी एकच, खत एकच, पेरणीयंत्र एकच.

कुळवाच्या दोन एकरात अकरा क्विंटल झाला. रोट्याच्या दीड एकरात आठ क्विंटल. एकरावर धरलं तर फरक म्हणावा असा नाही. पण बनिमीच्या अर्ध्या एकरात फक्त दीड क्विंटल.

म्हणजे 2023 ला मी सगळा दोष रोट्याला देत होतो तो खरा नव्हता. रोटा मारून लगेच पेरलं तर हरभरा येतो. मारतं ते थांबणं. उघड्या काळ्या रानावर ऑक्टोबरचं ऊन पडलं की भेगा पडायला चार दिवस पुरतात आणि एकदा भेग पडली की ओल आतूनही जाते. त्यात रोट्यानं माती उलथली की खालची ओली माती वर येते, वाऱ्याला लागते आणि सुकते. त्याच दिवशी पेरलं तर बी त्या ओलीत पडतं. आठ दिवसांनी पेरलं तर राखेत पडतं. कुळव मात्र वरवर चालतो, वरचा थर मोकळा करून भेगा बुजवतो आणि खालची ओल झाकून ठेवतो. म्हणून जिरायताला मी कुळवच धरतो. पण रोटेवाल्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण नंबर लावून बसण्याशी आहे.

तिसरी गोष्ट 2025 ची. ती अगदी उलटी आहे, म्हणून नीट वाचा.

त्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. नद्या फुटल्या, कित्येकांची मातीच वाहून गेली. आमच्याकडं माती राहिली, पण सोयाबीन पाण्यात उभं होतं. जे हाती लागलं ते लागलं. मग सगळ्यांना घाई, खरीप गेलं तर निदान रब्बी तरी धरू. लोकांनी ऑक्टोबरच्या मध्यातच ओल्या रानात ट्रॅक्टर घातले. 2023 ची अद्दल असल्यामुळं माझाही जीव वरखाली होत होता. पोरगं म्हणालं, "अण्णा, तुम्हीच सांगता ना वाट बघू नका म्हणून?"

मी रानात जाऊन चिखल हातात घेतला आणि परत आलो. दिवाळीतही सरी येतच होत्या. नोव्हेंबर लागल्यावर माती हाताला मोकळी लागायला लागली, तेव्हा पेरलं. लोक म्हणाले, उशीर झाला. पण ज्यांनी ओल्यात ट्रॅक्टर घातला त्यांच्या रानात चाकाच्या चाकोऱ्या दगडासारख्या घट्ट झाल्या, मोठी ढेकळं निघाली आणि हरभऱ्यात पिवळे पट्टे दिसले. शिवाय ओल्यात कुजकी धसकटं आणि त्यात बी, म्हणून रोपं मानेत कुजून मेली. माझा उशिराचा हरभरा एकरी पाच क्विंटलनं उतरला, कारण त्या वर्षी ओल खोलवर होती.

2023 ला वाट बघून मी बुडालो आणि 2025 ला वाट बघून वाचलो. वरवर हे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध वाटतं, पण नाही. पहिल्या वेळी मी रोट्याची वाट बघत होतो, दुसऱ्या वेळी वाफशाची. मला एवढंच सांगायचं आहे. या महिन्यातली सगळी कामं जमिनीच्या ओलीनं ठरवा. तारखेनं नको, शेजाऱ्याकडं बघून नको आणि यंत्राच्या नंबरानं तर नकोच.

वाफसा बघायला कुठलं यंत्र लागत नाही. रानात तीन-चार ठिकाणी खुरप्यानं खणा. वरची माती बाजूला सारा, चार ते सहा बोटं खालची माती मुठीत घ्या आणि लाडू वळा. कंबरेच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाका. लाडू फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे, त्याच दिवशी पेरा. पडून चपटा झाला, हाताला चिकटला तर थांबा. लाडू वळतच नसेल तर ओल खाली गेली. आणखी चार बोटं खाली बघा. तिथं लागली तर बी तिथं पोचलं पाहिजे. तिथंही नसेल तर जिरायत हरभऱ्याच्या नादी लागू नका. विहिरीला पाणी असेल तेवढंच रान भिजवून पेरा, बाकी बियाणं घरात राहू द्या. बी मातीत कोरडं पडण्यापेक्षा पोत्यात बरं.

आता या दिवसांची कामं मी कुठल्या क्रमानं करतो ते सांगतो.

कापणीच्या आठ दिवस आधी हरभऱ्याची उगवण बघून ठेवतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे, गोणपाट ओलं राखायचं, आठव्या दिवशी मोजायचे. कमी उगवले तर त्या मापानं बी वाढवायचं. हे काम पेरणीच्या दिवशी होत नाही, आधीच व्हायला पाहिजे. पेरणीयंत्रही तेव्हाच काढून, नळ्या साफ करून ठेवतो.

सोयाबीनच्या बहुतेक सगळ्या शेंगा तपकिरी झाल्या की कापणी. सकाळी दवात कापलं तर शेंगा तडकत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बनीम रानाच्या मधे लावू नका. त्याच संध्याकाळी बांधाला किंवा पडीक तुकड्यावर ओढा, वर ताडपत्री टाका, कडेनं चर काढा. मळणी मग आठ दिवसांनी झाली तरी बिघडत नाही, रान मोकळं झालं. ओढायला दोन गडी जास्त लागतात, त्यांची मजुरी जाते. पण बनिमीच्या अर्ध्या एकरात माझं किती गेलं ते वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी लाडू बघून कुळव आणि मागं पेरणी. कुळवलेलं रान रात्रभर उघडं ठेवत नाही, जेवढं पेरून होईल तेवढंच कुळवतो. जिरायताला बी दहा सेंटिमीटर खोल पडलं पाहिजे. ट्रॅक्टरवाला फण वर उचलून चालवतो, डिझेल वाचवतो. त्याच्या मागं चालत जाऊन उकरून बघायचं. पाणी द्यायची सोय असेल तर पाच सेंटिमीटरही चालतं. दोन ओळींत 30 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 10 सेंटिमीटर. 'विजय'सारख्या बारीक दाण्याच्या वाणाला एकरी 26 ते 28 किलो बी, 'दिग्विजय'सारख्या टपोऱ्या दाण्याला 40 किलो.

पेरणीच्या दिवशी सकाळी सावलीत बीजप्रक्रिया. किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा आधी, मग दहा किलोला 250 ग्रॅम रायझोबियम. न कुजलेल्या धसकटात पेरताना ट्रायकोडर्मा चुकवू नका. मर आणि मानकूज तिथंच घात करते.

सोयाबीनचं पुढच्या वर्षीचं बीही याच दिवसांत राखायचं. ते काम आमच्या मालकिणीकडं आहे आणि माझ्यापेक्षा ती चोख करते. सगळ्यात चांगल्या पट्टीचं, पावसात न भिजलेलं सोयाबीन वेगळं काढायचं. मळणीयंत्र हळू चालवायचं, नाहीतर दाण्याचं साल फुटतं आणि उगवण जाते. ताडपत्रीवर वाळवायचं आणि पोती फळीवर ठेवायची. चार-पाचच्या वर थप्पी नाही, भिंतीला टेकवायची नाहीत. सोयाबीन सरळ वाण आहे, दरवर्षी बॅग विकत घ्यायची गरज नाही.

आणि गुळी पेटवू नका. मीही पेटवत होतो, हात झटकून मोकळं व्हायला बरं वाटायचं. आता थोडी जनावरांना ठेवतो, राहिलेली खड्ड्यात कुजवतो.

याच्यावर लोकांचे तीन आक्षेप येतात. तिन्हीत तथ्य आहे, म्हणून लपवत नाही.

पहिला, हराळीचं काय? ज्या रानात हराळी, लव्हाळा आहे तिथं कुळवावर भागत नाही, हे खरं. त्या पट्टीत मीही उन्हाळ्यात पलटी नांगर घालतो. पण हराळीचा इलाज मे महिन्यात करायचा असतो, ऑक्टोबरात ओल गमावून नाही.

दुसरा, धसकटं खुरपणाऱ्या बायांच्या पायात घुसतात. हेही खरं. कापणी जमिनीलगत करायला सांगा, गुत्तं देताना तसं बोलून घ्या. आणि बायांना बूट घेऊन द्या, रोट्याच्या एका पाळीच्या पैशात चार जणींचे येतात.

तिसरा, बैलं कुठं राहिली? माझीही नाहीत. ट्रॅक्टरला कुळव जोडता येतो. रोटाच हवा असेल तर दोन शेजाऱ्यांनी मिळून आधी बोलून ठेवा आणि आपापल्या कापण्या दोन दिवस मागं-पुढं करा. एवढं जमत नसेल तर जूनमध्येच विचार करा. सगळ्या रानात 'फुले संगम'सारखा उशिरा निघणारा वाण लावला तर हरभऱ्याला ओल उरणार कुठून? निम्म्या रानात लवकरचा वाण घ्या, काढणीही वाटली जाते.

आता दोन शब्द कृषी अधिकारी आणि शास्त्रज्ञ साहेबांसाठी, कारण त्यातले काही जण हे पान वाचतात. साहेब, तुमच्या बऱ्याच पत्रकांत आधी नांगरट, मग कुळवाच्या दोन पाळ्या, मग पेरणीची तारीख असं लिहिलेलं असतं. बागायतदाराला ते ठीक आहे, चुकलं तर तो पाणी देतो. जिरायतवाल्याकडं दुसरी संधी नसते. त्याच्यासाठी तारखेच्या खाली एक ओळ वाढवा, किती बोटांवर ओल असेल तर पेरायचं आणि किती खाली गेली की पेरायचं नाही. आणि प्रात्यक्षिकाचा प्लॉट रस्त्याकडेच्या विहिरीवाल्याच्या रानात न घेता एखादा जिरायत तुकड्यात घ्या. तिथं फसला तर त्याचंही कारण लिहा. फसलेल्या प्लॉटातून आम्ही जास्त शिकू.

मी तीनच वर्षांचं आणि चारच एकराचं सांगतोय, तेही भारी काळ्या रानाचं. मुरमाड, बरड जमिनीत ओल याच्याहून लवकर जाते, तिथं आणखी घाई करावी लागेल. तुमचं रान वेगळं असेल तर तुमचा अनुभव लिहा, मी वाचतो. सगळं रान एकदम बदलू नका. यंदा अर्धा एकर कापणीच्या दुसऱ्या दिवशी पेरून बघा, बाकी नेहमीसारखं करा. येळवशीला पाहुणे रानात येतील तेव्हा कुणाला सांगावं लागणार नाही, पट्टी आपोआप दिसेल.

माझी खालची पट्टी परवा कापायची आहे. आज संध्याकाळी जाऊन लाडू वळून आलो. पडला आणि फुटला. दोन गडी बोलावलेत, बनीम बांधाला जाणार. यंदा तात्यांना आमच्या कोपीवर बोलावायचं आहे.